ऑफीलियाचा मृत्यू : दोषनिर्णय

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ (सुमारे १६००) या शोकांतिकेत राजपुत्र हॅम्लेटची प्रेयसी ऑफीलिया ओढ्यात बुडून मरते. तिच्या मृत्यूचा दोष कोणाकडे जातो, हा टीकाकारांचा जुना वादविषय आहे.

मराठीत हे नाटक उतरले ते ‘कोल्हापूर प्रकरणा’च्या छायेत. छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या छळाबद्दल ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. आधाराची पत्रे बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आगरकरांच्या ‘विकारविलसित’ (१८८३) या भाषांतराचे बरेचसे काम तेथेच झाले असे मानतात. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाराज अहमदनगरला, गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीनंतर वारले. दोषाचा प्रश्न कोल्हापूरला नाटकाबाहेरही परका नव्हता.

मृत्यू रंगमंचावर घडत नाही. चौथ्या अंकात राणी (हॅम्लेटची आई) सांगते की फांदी मोडली, वस्त्रांनी काही वेळ तिला तरंगत ठेवले, मग ती भिजून जड झाली. हा अपघात झाला. पाचव्या अंकात मात्र थडगे खणणारे तिला आत्मघातकी धरतात आणि धर्मगुरू मृत्यू ‘संशयास्पद’ म्हणून विधी आखडता घेतो. खणणाऱ्यांचा युक्तिवाद, म्हणजे पाणी माणसाकडे आले की माणूस पाण्याकडे गेला, हे न्यायाधीश जेम्स हेल्स यांच्या खटल्याचे विडंबन असावे. हेल्स १५५४ मध्ये बुडून मेले. आत्मघाताने मालमत्ता सरकारजमा होत असल्याने त्यांच्या विधवेला भाडेपट्ट्यासाठी झगडावे लागले आणि ती हरली. कृतीचे तीन भाग पाडण्याची खणणाऱ्याची तऱ्हाही त्याच खटल्यातील दिसते. निकालाचे वृत्त कायद्याच्या फ्रेंचमध्ये (इंग्लंडच्या कायद्याची जुनी भाषा) असल्याने शेक्सपिअरने ते ऐकीव घेतले असण्याचा संभव अधिक. एव्हन नदीत १५७९ मध्ये बुडालेल्या कॅथरीन हॅम्लेट या तरुणीशी जोडलेला संबंध मात्र नामसाधर्म्यापलीकडे जात नाही.

ऑफीलियाचा भाऊ लेअर्टीस सारा दोष हॅम्लेटवर टाकतो, कारण त्यांचा बाप पोलोनियस हॅम्लेटच्याच हातून मारला गेला. राजा क्लॉडियस तो पितृशोकावर ढकलतो, आणि स्वतः सुटतो. अधिक ग्राह्य मत असे की पोलोनियस व राजा यांनी तिला हॅम्लेटची परीक्षा घेण्याचे आमिष केले, तेथूनच तिचा आधार सुटत गेला. हॅम्लेटची क्रूर वाणी त्यानंतरची. तिला स्वतःला दोषी धरणारे मत खणणाऱ्यांखेरीज फारसे कोणी मांडत नाही.

मराठी रंगभूमीवर शाहूनगरवासी नाटक मंडळीने केलेल्या या नाटकाच्या प्रयोगांची चर्चा गणपतराव जोशी यांच्या चंद्रसेनाभोवतीच (मराठी रूपांतरातला हॅम्लेट) फिरली.