लॉ कॉलेज निवडताना: सीईटी, कॅप, कागदपत्रे आणि खर्चाचा हिशेब

सीईटी लॉचा, म्हणजे एलएलबीसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असे समजून बसू नका. महाराष्ट्रात हे दोन वेगळे अर्ज आहेत. पहिला परीक्षेचा. दुसरा परीक्षेनंतरच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, ज्याला सगळे ‘कॅप’ म्हणतात. दोन्ही राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडेच भरायचे असतात, पण दोन्हींची मुदत वेगळी आणि शुल्कही वेगळे. कॅपची नोंदणी राहिली तर चांगला स्कोअर नुसता कागदावर राहतो.

बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींसाठी खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. पाच वर्षांसाठी ते बारावीचे, तीन वर्षांसाठी पदवीचे. पेपर इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

पात्रतेतली खरी मेख मुक्त विद्यापीठाच्या पदवीत आहे. दूरशिक्षणातून पदवी घेतली म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. पण बारावी न करता, केवळ पूर्वतयारी परीक्षेच्या जोरावर थेट पदवीला बसला असाल, तर वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार ती पदवी एलएलबीसाठी चालत नाही. गुण ७० टक्के असले तरी नाही. आणि एलएलबी स्वतः दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन करता येत नाही. ‘घरबसल्या वकील व्हा’ अशी जाहिरात दिसली तर पुढे सरका. प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी हा नियम आहे. अनिवासी कॉलेजांचे वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच भरवायचे असतात, म्हणून नोकरी करणाऱ्यांनी फीच्या आधी वेळापत्रक विचारावे. सकाळची बॅच असलेले कॉलेज त्यांच्यासाठी नाव मोठे असलेल्या कॉलेजपेक्षा जास्त कामाचे.

कागदपत्रे मात्र निकालाची वाट न बघता आधीच गोळा करायची. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, सीईटीचे स्कोअरकार्ड, आधार, मध्ये वर्षे गेली असतील तर गॅपचे प्रतिज्ञापत्र. राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते, आणि ते जात पडताळणी समितीकडून यायला महिने जाऊ शकतात. घरात वडिलांची किंवा काकांची व्हॅलिडिटी झालेली असेल तर तिची प्रत अर्जासोबत जोडा, काम सोपे होते. इतर मागासवर्गाला नॉन-क्रिमीलेअर लागते. त्यावरची ‘वैध दिनांक’ वाचा, मागच्या मार्चला संपलेला दाखला स्क्रुटिनीत बाद होतो. जातीचा दाखला, अधिवास आणि नॉन-क्रिमीलेअर हे आपले सरकार केंद्रावर अर्ज करून मिळते, पण जून-जुलैत तिथली रांग कशी असते ते सांगायला नको. आणखी एक बारीक गोष्ट: सगळ्या दाखल्यांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे आजच बघून घ्या.

पुढचा क्रम असा: कॅप नोंदणी, कागदांची ऑनलाइन तपासणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, तक्रार असल्यास तिची मुदत, अंतिम यादी आणि मग ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीक्रमाने कॉलेजांची यादी. या ऑप्शन फॉर्मपाशी थांबू, कारण कॉलेजचा निर्णय खरा इथे होतो आणि बहुतेक जण तो सायबर कॅफेत अर्ध्या तासात उरकतात. साधारण नियम असा की पहिल्या क्रमांकाचे कॉलेज मिळाले की जागा पक्की धरली जाते आणि पुढच्या फेऱ्यांत तुम्ही नसता. म्हणून मागच्या वर्षीचा कटऑफ बघून ‘मिळण्यासारखे’ कॉलेज वर टाकू नका. जे हवे ते वर. जिथे जाणारच नाही, ते यादीत नकोच.

पण हवे ते कोणते? ते तुम्हाला पदवीनंतर काय करायचे आहे त्यावर ठरते.

तालुका किंवा जिल्हा न्यायालयात वकिली करायची असेल, तर त्याच जिल्ह्यातले मान्यताप्राप्त कॉलेज उत्तम. वर्ग संपला की न्यायालयात जाऊन बसता येते, एखाद्या वकिलांकडे फायली लावता येतात, बार रूममध्ये चेहरा ओळखीचा होतो. सात-बारा, फेरफार, वाटणीचे दावे ही कामे मूट कोर्टच्या, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यांच्या, करंडकाने येत नाहीत. अशील पदवीवरचे कॉलेजचे नाव वाचत नाही.

मोठी लॉ फर्म किंवा कंपनीचा विधी विभाग डोळ्यांसमोर असेल तर चित्र उलटे. तिथे कॉलेजच्या नावाला, इंटर्नशिपला आणि इंग्रजी मसुदा लिहिण्याला वजन असते. त्यासाठी राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन. पण ती सीईटीत नाहीत, त्यांना क्लॅट ही देशपातळीवरची वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. क्लॅट अलीकडे डिसेंबरमध्ये होते, म्हणजे सीईटीच्या कितीतरी आधी. तिथे चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. या विद्यापीठांचा खर्च वर्षाला काही लाखांत जातो. सीईटीतून याच वाटेला लागायचे तर मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय (१८५५ पासूनचे, फी काही हजारांत) किंवा पुण्याचे आयएलएस यांचा विचार आधी होतो, आणि म्हणूनच तिथली चुरस जबर असते.

न्यायाधीश व्हायचे असेल तर कॉलेजचे नाव जवळजवळ गौण. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो आणि तिथे कायद्याची कलमे आणि स्वच्छ लेखन तपासले जाते. मात्र २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. घरच्या हिशेबात ही तीन वर्षेही धरा. ज्येष्ठ वकिलाकडे काम शिकणाऱ्या नव्या ज्युनिअरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत, असे बार कौन्सिलने २०२४ मध्ये सुचवले, पण ती सूचना आहे, सक्ती नाही. सुरुवातीची मिळकत प्रवासखर्चाइतकीच, हे आजही सर्रास दिसते. पाच वर्षांच्या शिक्षणासाठी मोठे कर्ज काढून मग ज्युनिअरशिप करायची, हे गणित मला तरी धोक्याचे वाटते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, आणि वकिलीत ते वर्ष हातात काही न पडता जाऊ शकते. फर्ममध्ये नोकरी धरणाऱ्याला हेच कर्ज पेलते.

खर्च म्हणजे फक्त फी नव्हे. समजा शहरातल्या कॉलेजची फी वर्षाला १५ हजार आणि राहणे-जेवणे महिना १० हजार, तर वर्षाचे १ लाख ३५ हजार झाले. गावाजवळचे ५० हजार फीचे विनाअनुदानित कॉलेज त्यापुढे स्वस्तच. विनाअनुदानित कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि तो आकडा जाहीर असतो. कॉलेजने त्याहून जास्त मागितली तर लेखी कारण आणि पावती मागा.

सवलतींसाठी प्रवेश कॅपमधून झालेला असणे कळीचे आहे. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर आर्थिकदृष्ट्या मागास, ईबीसी विद्यार्थ्यांना शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरून राजर्षी शाहू योजनेत अर्धे शिक्षण शुल्क मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर याच उत्पन्नमर्यादेतल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृहाचा खर्च त्यात येत नाही. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला हे लाभ नाहीत. ‘कोट्यात लगेच मिळतेय’ म्हणून घाई करणाऱ्या पालकांना हे बहुधा पहिल्या वर्षाच्या शेवटी कळते.

प्रवेश पक्का करायला जाताना कॉलेजला तीन गोष्टी विचारा. बार कौन्सिलची मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत आहे, पूर्णवेळ शिक्षक किती, आणि फीशिवाय वर्षभरात आणखी काय काय भरावे लागते. मान्यतेचे पत्र डोळ्यांनी बघा. ती नसलेल्या कॉलेजच्या पदवीवर पुढे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, अडते. सनदेची नोंदणी फी मात्र आता आवाक्यात आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालाने खुल्या प्रवर्गासाठी ती ७५० रुपयांवर आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर रोखली गेली.