पेडलचा डबा: ही मापं आली कुठून, आणि निवडायचं कोणतं

गिटारचं इफेक्ट पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारा, पायाने चालू-बंद करायचा डबा, घरी बनवताना सगळं लक्ष सर्किटवर असतं. ट्रान्झिस्टर मोजून जुळवले जातात, कपॅसिटर निवडून घेतले जातात. डबा सगळ्यात शेवटी मागवतात, आणि काम नेमकं तिथेच अडतं. सर्किटचा बोर्ड छान वाजतो, पण झाकण बसत नाही. याचं मूळ डब्यांच्या इतिहासात आहे. आज जी मापं आपण ठरलेली म्हणून धरतो, ती सर्किटकडे बघून कुणी ठरवलेली नाहीत. बॅटरी, जॅक आणि पायाने दाबायचा स्विच या तीन जाडजूड वस्तूंनी ती ठरवली. सर्किट पहिल्यापासून लहानच होतं.

सुरुवातीच्या पेडलांत हे स्पष्ट दिसतं. नॅशव्हिलच्या स्टुडिओत कन्सोलच्या बिघाडातून हाती लागलेला फाटका आवाज (यालाच फझ म्हणतात) ग्लेन स्नॉडी आणि रेव्हिस हॉब्स यांनी सर्किटमध्ये उतरवला आणि १९६२ मध्ये गिब्सनने तो मेस्ट्रो एफझेड-१ या नावाने बाजारात आणला. पाचरीच्या आकाराचा धातूचा डबा, आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टचे दोन सेल. लंडनमध्ये १९६५ साली गॅरी हर्स्टने टोन बेंडर बनवला, तेव्हा पहिले काही नग चक्क लाकडी खोक्यात होते, पत्र्याचा डबा नंतर आला. १९६६ चा फझ फेस तर गोल. त्याचा आकार माइक स्टँडच्या ओतीव बैठकीवरून घेतलेला, व्यास साधारण १७-१८ सेंटिमीटर. त्यात मावायचं काय, तर दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर). न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा १९६९ चा बिग मफ वाकवलेल्या पत्र्याच्या ऐसपैस डब्यात आला. पेडल जमिनीवर एकटंच असायचं, त्यामुळे जागा वाचवायची गरज नव्हती. उलट अंधाऱ्या रंगमंचावर पायाला चटकन सापडेल आणि केबल ओढली तरी जागचं हलणार नाही असा मोठा, जड डबाच सोयीचा होता.

खरा बदल झाला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावात. एमएक्सआर कंपनीने फेज ९० या पेडलसाठी नवा साचा न बनवता बड इंडस्ट्रीजचा तयार डाय-कास्ट ॲल्युमिनियमचा डबा वापरला. हे डबे मुळात प्रयोगशाळेतल्या उपकरणांसाठी होते. रेडिओ लहरी आत येऊ नयेत म्हणून सगळीकडून बंद, चार स्क्रूंचं झाकण, आणि ओतताना साच्यातून सुटावेत म्हणून किंचित उतरत्या भिंती. उपकरणात झाकण वर असतं. पेडलवाल्यांनी डबा उलटा केला, झाकण जमिनीकडे नेलं आणि सलग ओतीव पाठ पायाखाली घेतली. ही कल्पना साधी, पण फार मोलाची, कारण लाथ झेलायची ती बिनसांध्याच्या बाजूने. पेडल तळहातावर मावू लागलं आणि आजची मापं इथूनच निघाली. घरी बनवणाऱ्यांचं बायबल ठरलेली हॅमंडची १५९० मालिका याच जातीची. हॅमंड कॅनडातल्या ग्वेल्फची कंपनी, आणि तिचा १५९०बी हा डबा, बाहेरून सुमारे ११२ × ६० × ३१ मिमी, एमएक्सआरच्या लहान पेडलच्या जवळपास मापाचा आहे.

१९७७ मध्ये जपानच्या बॉसने वेगळी वाट धरली. ओडी-१ आणि सोबतच्या पेडलांत अख्खा पुढचा भाग दाबायचा, खाली छोटा स्विच, सिग्नल वळवायचं काम एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) करणार, आणि बॅटरी त्या दाबायच्या भागाखाली एका मोठ्या स्क्रूने उघडणारी. मैफिलीच्या मधोमध बॅटरी बदलायची तर एमएक्सआरच्या डब्याचे चार स्क्रू सोडवावे लागत, बॉसमध्ये एकच. पण हा डबा म्हणजे स्वतंत्र साच्याचं काम. घरी तो बनत नाही. म्हणून हौशी मंडळी उलट्या चौकोनी डब्यावरच राहिली, आणि जड फूटस्विचही त्यांच्याकडेच राहिला.

या फूटस्विचनेच पुढची मापं हलवली. सुरुवातीचे बरेच स्विच एका खांबाचे, म्हणजे एका वेळी एकच जोड बदलणारे, होते. पेडल बंद केलं तरी इनपुट सर्किटला लटकलेलाच राहायचा आणि गिटारचा वरचा सूर बोथट व्हायचा. दोन खांबांच्या स्विचने ट्रू बायपास मिळाला, म्हणजे पेडल बंद असताना सिग्नल सर्किटला न शिवता सरळ पुढे जाऊ लागला, पण एलईडीसाठी खांब उरेना. त्यावर उपाय म्हणून आर. जी. कीन यांचं, दोन खांबांतच एलईडी चालवणारं मिलेनियम बायपास नावाचं छोटं सर्किट हौशी लोकांत बरंच चाललं. साधारण २००० नंतर तीन खांबांचा, नऊ लगांचा (वायर डागायच्या पट्ट्यांचा) ३पीडीटी स्विच स्वस्त झाला आणि दोन खांब सिग्नलला, एक एलईडीला ही मांडणी घरोघरी रूढ झाली. प्रश्न एकच होता. हा स्विच साधारण १७ मिमी चौरस आणि लग धरून २०-२२ मिमी खोल. आतून नट आणि वायर जोडली की १५९०बीच्या आतली २७-२८ मिमी उंची जवळपास संपते. स्विचच्या वरून बोर्ड नेता येत नाही. म्हणजे डब्याचा खालचा एक तुकडा पूर्ण स्विचचा, हे पहिल्या रेघेपासून धरून चालायचं.

जॅकचा हिशेब तर कागदावरच करून बघावा. पाव इंची प्लगचा दांडा सुमारे ३१.७ मिमी. उघड्या जातीच्या जॅकची आट्यांची मान साधारण ६.३ मिमी, ती भिंतीत आणि नटात जाते. म्हणजे प्लग लावल्यावर आतल्या भिंतीपासून २५ मिमी पुढे येतो. समोरासमोर दोन जॅक म्हणजे ५० मिमी. १५९०बीची आतली रुंदी ५५-५६, म्हणजे जमतं, पण मधे ५-६ मिमीच उरतात. त्या फटीत काही बसवायचं नाही. नऊ व्होल्टची बॅटरी ४८.५ × २६.५ × १७.५ मिमी. ती आडवी घालून कुशीवर उभी केली तर रुंदीत बसते, उंचीतही जेमतेम बसते, आणि डब्याच्या लांबीतले १७.५ मिमी खाते. आतली लांबी साधारण १०७. त्यातून स्विच, बॅटरी आणि जॅक वजा केले की पॉट आणि बोर्ड मिळून ५० मिमीच्या आसपास जागा उरते. दोन किंवा तीन नॉबच्या ओव्हरड्राइव्हला (आवाज किंचित फाडणाऱ्या पेडलला) ती पुरते. बिग मफसारखं मोठं सर्किट किंवा चार नॉबचा डिले (आवाज उशिराने पुन्हा ऐकवणारं पेडल) त्यात कोंबला तर झाकण लावताना पॉटचे लग बोर्डाला टेकतात. सगळं उघडं असताना वाजणारं पेडल स्क्रू आवळल्यावर गप्प होतं ते बहुधा याच कारणाने. जाड पुठ्ठ्याचा तुकडा मधे घालून शॉर्ट टळतो, जागा मात्र वाढत नाही.

१५९०ए हा सगळ्यात धाकटा लोकप्रिय डबा, सुमारे ९२ × ३८ × ३१ मिमी. आतली रुंदी ३४, आणि दोन प्लगना लागतात ५०. म्हणून जॅक समोरासमोर येऊच शकत नाहीत, एक वर आणि एक खाली असा तिरका मेळ घालावा लागतो. बॅटरी विसरायची. पॉट ९ मिमीचे घ्यायचे, इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आडवे झोपवायचे. एका नॉबचा बूस्टर किंवा दोन पॉटचा साधा फझ इथे शोभतो. पहिलंच पेडल या डब्यात करू नये. शिवाय हलका असल्यामुळे जाड केबलच्या पिळाने तो कलंडतो. त्याला पेडलबोर्डवर, म्हणजे पेडलं मांडायच्या फळीवर, वेल्क्रोने पक्कं केलेलं बरं.

पेडलबोर्ड आले आणि मापांचा विचार पुन्हा पालटला. बाजूच्या जॅकमध्ये काटकोनी प्लग लावला तरी दोन पेडलांमध्ये हकनाक जागा जाते. मग जॅक डब्याच्या वरच्या कडेला आले आणि त्यासाठी १२५बी सोयीचा पडला. हॅमंडच्या यादीत हाच १५९०एन१, बाहेरून सुमारे १२१ × ६६ × ३९ मिमी. १५९०बीपेक्षा रुंदीला सहाच मिमी आणि उंचीला आठ मिमी जास्त, पण फरक खूप पडतो. तीन १६ मिमी पॉट एका ओळीत बसतात, त्यांच्या पाठीवर बोर्ड जातो आणि बोर्डाच्या खालीही जॅकना वाव राहतो. घरी पहिलं पेडल करणाऱ्याने डोळे झाकून हाच घ्यावा. नॉब मात्र १५ मिमीच्या आतले निवडावेत. पॉट १९-२० मिमी अंतरावर असतात, तिथे मोठे नॉब लावले तर बोटं मधे जात नाहीत.

दोन फूटस्विच हवे असतील तर १५९०बीबी, सुमारे ११९ × ९४ × ३४. दोन स्विचच्या केंद्रांत ६० मिमी अंतर यात राहतं. त्याहून कमी ठेवलं तर बुटाने दोन्ही एकदम दाबले जातात. दोन पूर्ण सर्किटं एकत्र करायची असतील तर १५९०डीडी, १८८ × ११९ × ३७.

खर्चामुळे अनेक जण प्लास्टिकच्या प्रोजेक्ट बॉक्सकडे वळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत ते सहज मिळतात. फझसारख्या जास्त गेनच्या (सिग्नल खूप वाढवणाऱ्या) सर्किटला ते धार्जिणे नाहीत. प्लास्टिक विजेची घूंघूं अडवत नाही, आणि स्विचच्या भोकाभोवती काही दिवसांत चीर जाते. वापरायचाच असेल तर आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला (ग्राउंडला) जोडावी आणि स्विचखाली मोठा वॉशर घालावा. पत्रा वाकवून घेणार असाल तर ॲल्युमिनियम दीड मिमीपेक्षा पातळ नको, पायाखाली तो दबतो.

भोकं पाडताना उतरत्या भिंती लक्षात ठेवायच्या. डबा तोंडाशी रुंद आणि पाठीशी अरुंद असतो, म्हणून झाकणाच्या बाजूचं माप पाठीवर धरलं तर कडेचे पॉट कोपऱ्यातल्या स्क्रूच्या खांबांना भिडतात. आधी भाग आत ठेवून बघावेत, मग पंच मारावा. ३ मिमीचं मार्गदर्शक भोक, त्यानंतर स्टेप ड्रिल, हळू वेगाने. १६ मिमी पॉटला ७ मिमी, उघड्या जॅकला साडेनऊ ते दहा, फूटस्विचला १२, अडॅप्टर लावायच्या प्लास्टिकच्या डीसी जॅकला बहुतेक १२. पावडर कोटिंग करणार असाल तर प्रत्येकात दोन-तीन दशांश मिमी जास्त सोडा, नाहीतर रंगाच्या थराने स्विच भोकात अडतो आणि जोर लावला की रंग टवके धरून निघतो.

डीसी जॅक प्लास्टिकचाच का, हेही सांगायला हवं. गिटार पेडलच्या अडॅप्टरला आतली पिन ऋण आणि बाहेरची नळी धन असते. डबा अर्थला, म्हणजे ऋणाला, जोडलेला असतो. धातूचा जॅक लावला तर धन बाजू थेट डब्याला भिडून सप्लाय शॉर्ट होतो.

डबा अर्थला जोडला जातो तो बहुधा इनपुट जॅकच्या मानेतून. तिथे आतून रंग असेल तर धातू धातूला लागत नाही आणि डबा अधांतरी राहतो. हात लावला की घूंघूं बदलते, ही त्याची खूण. कानशीने तेवढा भाग आणि झाकणाची आतली कड घासून घ्यावी. बंद प्लास्टिकचे जॅक वापरले तर हा मार्गच नसतो. मग डब्याला अर्थची वेगळी वायर जोडावी लागते, आणि जागा वाचवायला असे जॅक घेणारे नेमके हेच विसरतात.

अलीकडे ३पीडीटीच्या जागी रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) वापरायचा प्रघात वाढतो आहे. पायाखाली फक्त क्षणिक दाबाचा छोटा स्विच, सिग्नल वळवायचं काम बोर्डावरचा दोन खांबांचा रिले करतो आणि त्याला एक छोटा मायक्रोकंट्रोलर चालवतो. नऊ लगांची वायरिंग जाते, स्विचचा टक् आवाज जातो, आणि स्विचखालची जी जागा आजवर हिशेबातच धरता येत नव्हती तिथपर्यंत बोर्ड नेता येतो. १२५बीशिवाय होणार नाहीत असं वाटणारी चार नॉबची सर्किटं त्यामुळे आता १५९०बीमध्ये बसवता येतात, अर्थात पॉट ९ मिमीचे घेतले आणि बॅटरी सोडून दिली तर.