खेळाडू-उद्योजक (नागपूर)

खेळाडू-उद्योजक : महाविद्यालयात असताना विद्यापीठाच्या संघापर्यंत पोहोचलेला आणि पुढे नोकरी न धरता, किंवा धरलेली सोडून, स्वतःचा व्यवसाय उभारणारा खेळाडू. नागपुरात अशा माणसाची ओळख करून देताना त्याच्या धंद्याआधी ‘कलर होल्डर’, म्हणजे विद्यापीठाच्या संघाकडून खेळलेला, हे बिरूद सांगितले जाते. व्यावसायिक खेळातून मिळालेला पैसा गुंतवणारे क्रिकेटपटू या संज्ञेत धरत नाहीत. खेळ थांबतो त्या दिवशी हाती पैसा नसतो, हेच या वर्गाचे मुख्य लक्षण होय.

संज्ञा : ‘उद्योजक’ हा शब्द उद् + युज् या धातूवरून आला आहे. महाभारताच्या पाचव्या पर्वाचे नाव उद्योगपर्व. तिथे ‘उद्योग’ म्हणजे युद्धाची तयारी. कारखाना किंवा व्यापार हा अर्थ बराच नंतरचा. बोलीत ‘नसते उद्योग’ असा उणा वापरही होतो आणि पुष्कळ घरांमध्ये मुलाच्या खेळाला हाच शब्द लावला गेला, हे इथे नमूद करणे योग्य ठरेल.

‘कलर’ या शब्दाचे मूळ दोन प्रकारे सांगता येते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची पहिली नौकाशर्यत १८२९ मध्ये झाली. १८३६ च्या शर्यतीत केंब्रिजच्या नावेला फिकट निळी फीत बांधली गेली, ऑक्सफर्डचा निळा गडद राहिला, आणि पुढे विद्यापीठाकडून खेळलेल्याला ‘ब्लू’ म्हणण्याची प्रथा पडली. भारतीय विद्यापीठांतला ‘कलर’ हे त्याच प्रथेचे सर्वसाधारण रूप, अशी एक व्युत्पत्ती. दुसरी शक्यता लष्करी आहे. पलटणीच्या निशाणाला इंग्रजीत ‘कलर्स’ म्हणतात आणि नागपूरजवळ कामठीची छावणी १८२१ पासून आहे. हॉकी आणि फुटबॉल हे खेळ या भागात रुजण्यात छावणीचा वाटा होता, हे मान्य करायला हरकत नाही. परंतु शब्दही तिथूनच आला असे म्हणायला तेवढा आधार पुरत नाही. कलरसोबत येतो तो कोट, म्हणजे खिशावर विद्यापीठाचे बोधचिन्ह असलेला ब्लेझर. ही रीत विद्यार्थी-पोशाखाच्या परंपरेत बसते, पलटणीच्या नाही. म्हणून पहिली व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते.

कालनिश्चिती : नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. हिस्लॉप (१८८३) आणि मॉरिस (१८८५) ही महाविद्यालये त्याआधीची असून ती आधी कलकत्ता व नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. तेव्हा नागपूरचा कलर १९२३ पूर्वीचा असू शकत नाही. हिस्लॉपमध्ये शिकलेले सी. के. नायडू (जन्म नागपूर, १८९५), जे १९३२ मध्ये भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले, त्यांना या अर्थाने कलर होल्डर म्हणता येत नाही. मात्र खेळाची कीर्ती आणि बाजार यांची गाठ पडण्याच्या इतिहासात त्यांचे नाव येतेच : १९४१ मध्ये एका लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत ते झळकले आणि उत्पादनाची जाहिरात करणारे पहिले भारतीय क्रिकेटपटू म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया स्पर्धा १९३५-३६ मध्ये सुरू झाली. विद्यापीठाच्या संघात निवड होण्याला बाहेरगावच्या मैदानावर मोल आले ते बहुधा अशा स्पर्धांमुळेच. दोन कलर होल्डरांची तुलना करताना एक गोष्ट विसरली जाते. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे होईपर्यंत नागपूरच्या निवड चाचणीला पश्चिम विदर्भातील खेळाडूही येत. त्यांत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या परिसरात तयार झालेले मल्ल आणि कबड्डीपटू असत. याच मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले होते. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाल्यावर चंद्रपूर आणि गडचिरोलीही नागपूरपासून वेगळे झाले. सत्तरच्या दशकातला कलर आणि आजचा कलर एका मापाने मोजणे त्यामुळे न्याय्य नाही. २००५ मध्ये विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले, पण जुने खेळाडू अजूनही ‘नागपूर युनिव्हर्सिटी’ असेच म्हणतात.

नोकरीची वाट : व्यवसाय ही या खेळाडूंची पहिली निवड क्वचितच असते. नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे अशा दोन विभागांची कार्यालये आहेत, शिवाय महालेखाकार कार्यालय, वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय, अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना. रेल्वे आणि महालेखाकार कार्यालयातील क्रीडा भरती हे अनेक पिढ्यांचे स्वप्न राहिले. राज्य शासनाच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची पडताळणी, स्पर्धेचा दर्जा, संघटनेची मान्यता या चाळण्यांतून थोडेच पार होतात. आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची अट असते. विशीच्या मध्यावर ती पात्रता संपते आणि त्याच सुमारास घरचे विचारू लागतात, ‘आता पुढे काय?’ बहुतेक व्यवसाय या प्रश्नातून जन्मले आहेत.

व्यवसायाचे प्रकार : सर्वांत जुना प्रकार खेळसाहित्याच्या दुकानाचा. माल प्रामुख्याने मेरठ आणि जालंधरहून येतो. फाळणीपूर्वी हा धंदा सियालकोटात एकवटलेला होता. तिथले कारागीर आणि कारखानदार १९४७ नंतर या दोन शहरांत स्थिरावले. नागपूर देशाच्या मध्यावर, रेल्वेच्या दोन्ही मुख्य वाटांवर असल्याने माल मागवणे अवघड नव्हते. अवघड होते ते गिऱ्हाइकाला योग्य माल देणे, आणि खेळाडूचे दुकान इतर दुकानांपेक्षा वेगळे ठरते ते इथेच.

बॅडमिंटनचे उदाहरण घेऊ. पिसांच्या शटलच्या नळीवर ७६, ७७, ७८ असा आकडा छापलेला असतो. आकडा वाढला की शटल जलद जाते. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात तेच शटल लांब पडते. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री दहाच्या खाली उतरतो. म्हणून उन्हाळ्यात एक आकडा खालचे शटल घ्यायचे, थंडीत वरचे. शिवाय कोरड्या उन्हाळ्यात पिसे कडक होऊन तुटतात. नळीला थोडी वाफ देऊन रात्रभर ठेवले की ती टिकतात. हे सांगणारा माणूस काउंटरमागे असला तर गिऱ्हाईक परत येते. रॅकेटच्या गटिंगचेही, म्हणजे तिची जाळी ताणून विणण्याचेही, तसेच. यंत्र कोणीही विकत घेऊ शकतो, पण नवख्या मुलाला चोवीस पौंडांच्या ताणावर थांबवणे आणि ‘अठ्ठावीसचा हट्ट करू नको, खांदा जाईल’ असे सांगणे हे खेळलेल्यालाच सुचते.

क्रिकेटच्या बॅटला कच्चे जवस तेल लावून, लाकडी हातोडीने काही तास ठोकून ती तयार करतात. जवस हे विदर्भाचे जुने पीक. इथल्या घरात चटणी होते तीच वस्तू परदेशी विलो लाकडाच्या बॅटलाही लागते, ही जोड फारशी कुणी लक्षात घेत नाही. तेल बॅटच्या तोंडावर आणि कडांवर पातळ लावायचे, मागच्या चिकटपट्टीवर आणि मुठीच्या जोडावर मुळीच नाही. ठोकणावळ घेऊन हे काम करून देणे हा दुकानाचा लहानसा पण खात्रीचा उत्पन्नभाग असतो.

दुसरा प्रकार प्रशिक्षणवर्ग आणि उन्हाळी शिबिरे. एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाच ते आठ हीच काय ती वेळ. नंतर मैदान पोळते. व्यायामशाळा आणि जिम यांविषयी वेगळे सांगण्यासारखे थोडे आहे, कारण त्यांचा हिशेब कोणत्याही शहरात सारखाच.

तिसरा आणि अलीकडचा प्रकार टर्फचा. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शहराच्या कडेला, रिकाम्या भूखंडांवर जाळीने वेढलेली कृत्रिम गवताची मैदाने दिसू लागली. त्यांच्या प्रसाराला जमिनीचे कारण आहे. नागपूर परिसरातली काळी माती पावसाळ्यात बुटाला लगद्यासारखी चिकटते आणि मैदान आठवडे बंद राहते. मुरूम टाकूनही फार फरक पडत नाही. टर्फवर पाणी निचरले की तासाभरात खेळ सुरू होतो. उलट उन्हाळ्यात कृत्रिम गवत नैसर्गिक गवताहून कितीतरी जास्त तापते, दुपार पूर्ण वाया जाते. त्यामुळे कमाई संध्याकाळी सहा ते मध्यरात्र या पट्ट्यात होते, दरही तिथेच चढे असतात. ज्याने हा हिशेब न मांडता चोवीस तासांच्या कमाईचा अंदाज धरून कर्ज घेतले, त्याचा हप्ता पहिल्याच मे महिन्यात थकतो. टर्फ हा खेळाचा धंदा दिसतो, पण मुळात तो वेळेच्या भाड्याचा धंदा आहे.

भांडवल : घरचे दागिने, वडिलांच्या निवृत्तीची रक्कम, भिशी, पतसंस्था हे जुने मार्ग. २०१५ च्या मुद्रा योजनेत शिशु गटाला ५० हजारांपर्यंत, किशोरला ५ लाखांपर्यंत आणि तरुणला १० लाखांपर्यंत विनातारण कर्जाची सोय झाली. गटिंगचे यंत्र आणि पहिला माल यांना ती पुरते, टर्फला नाही. बँकेच्या अर्जात कलरचा रकाना नसतो. पण ओळख चालते : दुकानाचा गाळा देणारा एखादा जुना सिनियर, शाळेची वर्षाची खरेदी मिळवून देणारे क्रीडाशिक्षक, पहिल्या शिबिराला आपली मुले पाठवणारे संघातले सोबती. हीच ओळख पुढे उधारीही आणते. ‘भाऊ, महिन्याच्या शेवटी देतो’ म्हणणारा सोबती नाराज न करता वसुली करणे या धंद्यातला सर्वांत कठीण भाग म्हणावा लागेल.

मूल्यमापन : खेळाडूची जिद्द धंद्यात कामी येते, हे मत सर्वत्र आढळते. अमेरिकेतील फिल नाइट यांचा दाखला त्यासाठी दिला जातो. ऑरेगन विद्यापीठाचे हे धावपटू १९६४ मध्ये आपले प्रशिक्षक बिल बॉवरमन यांच्या भागीदारीत ‘ब्लू रिबन स्पोर्ट्स’ काढून जपानी धावण्याचे बूट विकू लागले. १९७१ मध्ये त्यातून नायकी हे नाव पुढे आले. पण या दाखल्यातही जिद्दीपेक्षा दुसऱ्या दोन गोष्टी ठळक आहेत : मोटारीच्या डिकीत माल भरून ते थेट शर्यतींच्या मैदानावर जात, आणि बुटात काय खुपते हे त्यांच्या पायांना माहीत होते. नागपूरच्या व्यवसायांकडे पाहताही हेच दिसते. मैदानावर वावर आणि वस्तूची जाण, या दोहोंवर दुकान उभे राहते. जिद्द हरलेल्यांकडेही असते.

व्यवसायाला समांतर असा एक सामाजिक मार्गही नागपुरात आहे. हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक राहिलेले विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांच्या फुटबॉलसाठी ‘स्लम सॉकर’चे काम सुरू केले. नफा हा त्याचा हेतू नसल्याने ते या नोंदीच्या कक्षेबाहेर राहते.

महिला : महाविद्यालयीन महिला खेळाडूंचे व्यवसाय मुख्यतः प्रशिक्षणाचे : पोहणे, योग, स्केटिंग, बॅडमिंटन. दुकानाच्या मानाने इथे भांडवल कमी लागते आणि पालक, विशेषतः आई, मुलीला शिक्षिकेकडे निर्धास्तपणे सोपवते. पहाटेच्या वर्गात मुलींना सोडून गेलेल्या आयाच काही दिवसांनी सहाच्या बॅचला स्वतःची नावे नोंदवतात, आणि वर्गाचे उत्पन्न स्थिरावते ते त्या दुसऱ्या बॅचमुळे.