यूएलएन२८०३ की टीबीडी६२०८३: रिलेची चिप का तापते?

आठ रिले (कॉइलमधल्या प्रवाहाने चालू-बंद होणारे विद्युतचुंबकीय स्विच) चालवणारी चिप तापते अशी तक्रार कोणी केली की उत्तर ठरलेले असते: ‘एका चॅनलला (एक रिले चालवणाऱ्या मार्गाला) ५०० मिलिअँपियर चालतात, तुमचा रिले ७० घेतो, मग चिंता कशाला?’ आकडा खरा आहे, पण तो एकट्या चॅनलचा आहे. आठही चॅनलांची उष्णता मात्र एकाच आवरणातून बाहेर पडायची असते, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

आठ चॅनलांची यूएलएन२८०३ ही चिप सर्वांच्या हाताखालून गेलेली आहे. टीबीडी६२०८३ तिच्याच जागी, त्याच पिनांवर बसते. फक्त आत डार्लिंग्टन जोड्यांऐवजी (एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रान्झिस्टरांऐवजी) मॉसफेट, म्हणजे व्होल्टेजने चालणारे ट्रान्झिस्टर, असतात. सात चॅनल हवे असल्यास यूएलएन२००३ घ्यावी, त्यात वाद घालण्यासारखे काही नाही.

घोळ होतो तो व्होल्टेजमध्ये. डार्लिंग्टन जोडी पूर्ण चालू झाली तरी तिच्यावर ०.९ व्होल्टच्या आसपास उरतातच, आणि प्रवाह कितीही कमी केला तरी ते शून्याकडे जात नाहीत, कारण दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरचे व्होल्टेज त्यात कायमचे मिसळलेले असते. मॉसफेट मात्र साध्या रोधासारखा वागतो. ५ व्होल्टच्या, ७० ओहम कॉइलच्या आठ रिलेंचा प्रवाह सुमारे ५६० मिलिअँपियर होतो, ०.९ व्होल्टने गुणल्यास चिपमध्ये अर्धा वॅट जिरतो. मॉसफेटचा रोध २ ओहम धरला, तर हाच हिशेब ०.०८ वॅटवर येतो.

अर्ध्या वॅटने चिप जळत नाही. त्रास होतो तो रिलेला. यूएलएनमध्ये ०.९ व्होल्ट गेल्यावर कॉइलला ५ पैकी ४.१ व्होल्टच मिळतात. रिले ओढला जाण्यासाठी, म्हणजे लागण्यासाठी, ५ व्होल्टच्या साधारण ७५ टक्के, म्हणजे ३.७५ व्होल्ट लागतात, पण ते थंड कॉइलला. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल ४० अंशांनी तापली की गरज ४.३ व्होल्टच्या वर जाते, आणि सकाळी टकटक वाजणारा रिले दुपारी बंद डब्यात गप्प बसतो. अशा वेळी चिपवर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) चिकटवणाऱ्यांना हात जोडावेत.

माझी पसंती १२ व्होल्टच्या रिलेला आहे: ४०० ओहमची कॉइल, ३० मिलिअँपियर, आणि मग जुनी यूएलएनही थंड राहते. ५ व्होल्टच वापरायचे असतील, तर टीबीडी घ्यावी. दोन्हींत दहावी पिन, जिथे चिपमधल्या संरक्षक डायोडांचे सामाईक टोक असते, कॉइलच्या धन टोकाला जोडावी. १२ व्होल्टच्या कॉइलसाठी ती चुकून ५ व्होल्टला जोडली, तर आतल्या डायोडमधून प्रवाह वाहत राहतो आणि एकदा लागलेला रिले सुटतच नाही.