ह्वांग ब्यंग-गी

ह्वांग ब्यंग-गी : (३१ मे १९३६ – ३१ जानेवारी २०१८). दक्षिण कोरियातील गायागुमवादक आणि संगीतकार. जन्म सेऊलचा. गायागुम या पारंपरिक वाद्यासाठी आधुनिक धर्तीच्या स्वतंत्र रचना करण्याचा पायंडा त्यांनी पाडला.

गायागुम म्हणजे पाउलोनियाच्या लाकडाचे, १२ रेशमी तारांचे लांबट, आडवे वाद्य. एक टोक मांडीवर घेऊन ते वाजवतात. प्रत्येक तारेखाली सरकती घोडी, म्हणजे तार उचलून धरणारा आधार, असते. ती रानहंसाच्या पायासारखी दिसते, म्हणून तिला ‘आन्जोक’ म्हणजे हंसपाद म्हणतात. उजव्या हाताने तार छेडायची आणि घोडीच्या पलीकडे डाव्या हाताने ती दाबून स्वर झुलवायचा किंवा चढवायचा. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, ऐकलेल्या कानाला या डाव्या हाताची ओळख पटायला वेळ लागत नाही.

कोरियन युद्धात बुसानला आश्रय घेतलेला असताना, १९५१ मध्ये, शाळकरी ह्वांग हे वाद्य शिकू लागले. पुढे सेऊल राष्ट्रीय विद्यापीठातून १९५९ मध्ये त्यांनी पदवी घेतली ती मात्र कायद्याची. त्याच वर्षी तिथे कोरियन संगीताचा विभाग सुरू झाला आणि ते त्यात शिकवू लागले. वकिली राहूनच गेली. १९७४ पासून २००१ पर्यंत ते इह्वा महिला विद्यापीठात प्राध्यापक होते.

‘सुप’ (अरण्य, १९६२) ही त्यांची पहिली गायागुमरचना. तिचे चार भाग आहेत : गर्द सावली, कोकीळ, पाऊस आणि चांदणे. तिच्याहून मोठी झेप ‘चिमह्यांगमू’ची (१९७४). परंपरा म्हणून जे जपले जात होते ते मुख्यतः जोसन राजवटीच्या (१३९२–१९१०) काळातले. ह्वांग त्याच्याही मागे, बौद्ध शिल्पांच्या सिल्ला या प्राचीन कोरियन राज्याच्या काळात गेले. त्या काळचे संगीत ऐकायला मिळणे शक्यच नव्हते. मग त्यांनी बौद्ध मंत्रगायनातून स्वररचना घेतली, गायागुमच्या तारांची स्वरजुळणी बदलली आणि साथीच्या जांगू या ढोलावर बोटांनीही वाजवायला लावले. नव्यासाठी जुन्याच्या पलीकडचे जुने शोधण्याची ही रीत त्यांच्या साऱ्या कामाची किल्ली आहे. ‘बिदानगिल’ (रेशीममार्ग, १९७७) ही रचनाही सिल्लाच्या थडग्यात सापडलेल्या पर्शियन काचपात्रावरून सुचली.

‘मिगुंग’ (चक्रव्यूह, १९७५) सर्वांत गाजली. तीत गायागुमच्या तारांवर चेलोचा गज फिरतो. नर्तकी हाँग सिन-चा हसते, हुंदके देते, वर्तमानपत्रातली बातमी वाचते. शेवटी प्रज्ञापारमिता हृदयसूत्र या बौद्ध सूत्रातला मंत्र येतो. कोरियन उच्चारात तो ‘आजे आजे बारा आजे’ असा ऐकू येतो. मूळ संस्कृत ‘गते गते पारगते’. ही रचना तीनदा ऐकणारा मरतो, अशी वावडी पुढे इंटरनेटवर उठली आणि रचना तरुणांत आणखी पसरली.

१९९० मध्ये उत्तर कोरियाची राजधानी प्याँगयांग इथल्या संगीतमहोत्सवाला गेलेल्या दक्षिणेच्या कलावंतांचे नेतृत्व त्यांनी केले. नवनिर्मितीबरोबर ‘सान्जो’चा रियाजही चालूच राहिला. विलंबितातून द्रुताकडे जाणारा हा एकल वादनप्रकार. उत्तर कोरियात गेलेले वादक जंग नाम-ही यांच्या सान्जोत भर घालून ह्वांग यांनी सुमारे ७० मिनिटांची स्वतःची मांडणी तयार केली.