शिकाऊ वैमानिकाचं मेडिकल आणि झाकलेलं नैराश्य

विमान चालवायला शिकायचं तर आधी डॉक्टरांकडून पास व्हावं लागतं, आणि पुढे दरवर्षी. लायसन्स खिशात असलं तरी क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, गेलं की उड्डाण बंद. डोळे, कान, ईसीजी यांची तपासणी यंत्रावर होते. मनाचं मात्र उमेदवारानं स्वतःच फॉर्मवर सांगायचं असतं: कधी नैराश्य, चिंता, मानसोपचार? हो की नाही? नोकरीत मुरलेल्या वैमानिकालाही इथे 'हो' लिहिताना हात अडखळतो. शिकाऊ पोराकडे तर ना पगार असतो, ना युनियन. असतं ते डोक्यावरचं कर्ज.

हे सगळं जगासमोर आलं ते २४ मार्च २०१५ला. लुफ्तान्साच्या जर्मनविंग्ज या उपकंपनीचं बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेलं विमान सहवैमानिक आंद्रेआस लुबिट्झनं जाणूनबुजून फ्रेंच आल्प्समध्ये कोसळवलं आणि त्याच्यासह १५० जण गेले. बातम्यांचा भर त्यानं आतून बंद केलेल्या कॉकपिटच्या दारावर राहिला. पण फ्रान्सच्या तपास संस्थेचा, बीईएचा, मार्च २०१६चा अहवाल वाचला तर गोष्ट सुरू होते ती त्याच्या प्रशिक्षणापासून.

एप्रिल २००८मध्ये त्याला कुठल्याही शेऱ्याविना क्लास वन मेडिकल मिळालं. सप्टेंबरमध्ये लुफ्तान्साच्या शाळेत तो दाखल झाला आणि दोनच महिन्यांत नैराश्यामुळे त्याचं प्रशिक्षण थांबलं. एप्रिल २००९मध्ये मेडिकलचं नूतनीकरण झालं नाही. जुलैच्या मध्यावर पुन्हा नकार आला, पण त्याच महिन्याच्या अखेरीस प्रमाणपत्र मिळालं, तेही अटीवर: नैराश्य उलटलं तर ते आपोआप रद्द. ऑगस्टमध्ये तो पुन्हा वर्गात बसला. म्हणजे यंत्रणेनं आजार पकडला होता, नोंदवला होता, उपचारांनंतर परतही घेतलं होतं. इथवर कुणाचं फारसं चुकलं असं मला वाटत नाही.

गोम त्या अटीत होती. प्रशिक्षणाच्या खर्चातला ६० हजार युरोंचा वाटा त्याचा स्वतःचा होता आणि त्यासाठी त्यानं सुमारे ४१ हजारांचं कर्ज काढलं होतं. पहिल्या पाच वर्षांत कायमचा अपात्र ठरला असता तर एकरकमी ५८ हजार ८०० युरोंच्या आसपास मिळाले असते, पण पगार बुडाल्याची भरपाई देणारा विमा त्याच्याकडे नव्हता. डिसेंबर २०१४च्या एका ईमेलमध्ये त्यानं लिहिलं होतं की मेडिकलवरच्या त्या शेऱ्यामुळेच असा विमा मिळायला अडचण येते आहे. त्याच सुमारास आजार उलटला. तो डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवत होता, त्यांच्या रजेच्या चिठ्ठ्याही घेत होता, पण त्यातल्या सगळ्या कंपनीपर्यंत पोचल्या नाहीत. रुग्णाची गोपनीयता मोडली तर जर्मन कायद्यात शिक्षा आहे, त्यामुळे डॉक्टरही बोलले नाहीत. यातून त्याच्या कृत्याला माफी मिळत नाही. पण मेडिकल गेलं की पोटावर पाय, ही भीती बीईएनं आजार लपवण्याच्या कारणांत स्पष्ट मांडली आहे.

औषधांचा इतिहास याहून जुना आहे. बराच काळ बहुतेक देशांत नैराश्यावर गोळी चालू म्हणजे उड्डाण बंद, असा सरळ हिशेब होता. ऑस्ट्रेलियानं १९८७पासून एकेक प्रकरण तपासून परवानगी द्यायला सुरुवात केली. तिथल्या १९९३ ते २००४च्या नोंदींवर २००७मध्ये अभ्यास निघाला. गोळ्या घेणाऱ्या वैमानिकांचे अपघात इतरांपेक्षा जास्त असल्याचं त्यात दिसलं नाही. अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाला, एफएएला, मात्र २०१० उजाडावं लागलं. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, सिटालोप्राम आणि एस्सिटालोप्राम या चारच औषधांना मुभा मिळाली, तीही वर्षभर प्रकृती स्थिर राहिल्यावर. आजवर लपवलेलं सहा महिन्यांत सांगा, कारवाई करणार नाही, अशी सवलतही तेव्हा दिली गेली. नियामकानंच अशी मुदत द्यावी, यातच लपवाछपवी किती सर्रास होती ते आलं.

तरीही तिथल्या ३,७६५ वैमानिकांच्या २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक जणांनी मेडिकल जाईल या धास्तीनं उपचार टाळल्याचं किंवा माहिती दडवल्याचं सांगितलं. त्याआधी, ऑक्टोबर २०२१मध्ये, नॉर्थ डकोटा विद्यापीठात विमान शिकणाऱ्या १९ वर्षांच्या मुलानं जीव दिला. मदत घेतली तर उडणं संपेल, ही भीती त्यानं मागे ठेवलेल्या पत्रात होती. मुलाच्या आईवडिलांनी हे उघडपणे मांडलं आणि वॉशिंग्टनपर्यंत पाठपुरावा केला. डिसेंबर २०२३मध्ये एफएएनं समिती नेमली. तिनं एप्रिल २०२४मध्ये २४ शिफारशी दिल्या. अनेक अर्जदारांच्या फाइली केंद्रीय कार्यालयात महिनोन्‌महिने पडून राहतात, हे शिकाऊंचं जुनं दुखणं. वर्षभराची फी भरून ते घरी बसलेले असतात.

युरोपनं २०१८मध्ये नियम केले: विमान कंपनीत रुजू होण्याआधी मानसिक मूल्यमापन आणि कंपनीत सहकाऱ्यांचं मदत पथक, म्हणजे पिअर सपोर्ट. चांगलंच आहे, पण दोन्ही गोष्टी कंपनीच्या दारातून पुढे. शाळेतल्या मुलाच्या वाट्याला त्यातलं काय येतं?

आपल्याकडे डीजीसीएनं, म्हणजे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयानं, फेब्रुवारी २०२३मध्ये या विषयावर स्वतंत्र परिपत्रक काढलं. त्याची चर्चा झाली ती दोन वर्षांनी. १२ जून २०२५ला अहमदाबादेत एअर इंडियाचं विमान कोसळलं आणि १६ जून या एकाच दिवशी त्या कंपनीच्या ११२ वैमानिकांनी आजारपणाची रजा टाकली. ५१ कमांडर, ६१ फर्स्ट ऑफिसर. नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री आणि पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ यांनी हे आकडे लोकसभेत दिले, तेव्हा या परिपत्रकाचाही दाखला दिला. वैद्यकीय तपासणीतच मानसिक स्वास्थ्य पटकन जोखण्याची पद्धत वापरा आणि मनाच्या तक्रारी ओळखायचं प्रशिक्षण द्या, असं त्यात आहे. हा सल्ला फ्लाइंग स्कूलनाही आहे. पिअर सपोर्टची शिफारस मात्र संस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, आणि फ्लाइंग स्कूलचा विद्यार्थी हा कर्मचारी नसतो. तो फी भरणारा गिऱ्हाईक असतो.