डोंगरीच्या तुरुंगापासून तीनशे शब्दांच्या निबंधापर्यंत

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना त्याला अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं आणि अख्खा महाराष्ट्र खवळला. संताप रास्तच होता. पण निबंध ही शिक्षा नसून जामिनाची अट होती, हे त्या गदारोळात कुणी ऐकून घेतलं नाही. पोराला सुधारायचं की अद्दल घडवायची, हा वाद मात्र पुण्याच्या फार आधीचा.

१८५० च्या ॲप्रेंटिसेस ॲक्टने किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या किंवा निराधार मुलांना कारागिराच्या हाताखाली कामाला लावायची सोय केली. १८७६ आणि १८९७ च्या रिफॉर्मेटरी कायद्यांनी मुलग्यांना तुरुंगाऐवजी सुधारशाळेत धाडायला सुरुवात केली. हेतू चांगला, पण १८९७ च्या कायद्यात १५ वर्षांखालच्या मुलग्याचा मुक्काम तीन ते सात वर्षांचा. छोट्या चोरीसाठी अख्खं बालपण!

मुंबई इलाख्याचा बाल कायदा १९२४ चा. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. मुलांसाठी जागा मिळाली ती उमरखाडीला, डोंगरीच्या जुन्या तुरुंगात. कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकरांनी १८८२ साली १०१ दिवस काढले तो हाच तुरुंग. कैद्यांसाठी बांधलेल्या भिंतींआड 'मुलांची काळजी' सुरू झाली, आणि लोकांच्या तोंडी डोंगरीचं नाव धाक म्हणूनच राहिलं. पोर हाताबाहेर गेलं की आईबाप म्हणायचे, 'थांब, डोंगरीला पाठवतो.'

स्वातंत्र्यानंतरही प्रत्येक राज्याचा कायदा निराळा, आणि कित्येक ठिकाणी मुलं सरळ मोठ्या कैद्यांबरोबर कोंडलेली. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयात नेली. मुलांना तुरुंगात ठेवू नका, देशभर एकच कायदा करा, असं न्यायालयाने १९८६ मध्ये बजावलं. त्याच वर्षी बाल न्याय कायदा आला. त्यात मुलगे १६ पर्यंत 'बाल', मुली १८ पर्यंत. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता स्वीकारल्यावर २००० च्या कायद्याने दोघांनाही १८ ची रेषा लावली.

दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या (निर्भया) घटनेने ही रेषा हादरली. त्यातल्या अल्पवयीन आरोपीला तीन वर्षंच ठेवता आलं. त्या घटनेनंतर कायद्यातले बदल सुचवायला नेमलेल्या वर्मा समितीने वय कमी करायला नकार दिला होता, तरी तो सुटला त्याच आठवड्यात, २२ डिसेंबर २०१५ ला, राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. आता १६ ते १८ वयाच्या मुलाने सात वर्षं किंवा त्याहून जास्त किमान शिक्षेचा, म्हणजे 'घोर', गुन्हा केला, तर त्याच्यावर सज्ञानासारखा खटला चालू शकतो.

बातम्यांत हे एवढंच कलम गाजतं. बाकी कायदा बहुतांशी पुनर्वसनाचा आहे. परिवीक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसर) दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा: घरात कमावतं कोण, शाळा कधी सुटली, पोर कुणाच्या नादी लागलं. त्यावरून समुपदेशन, समाजसेवा, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह. अठरा उलटल्यावर एकविशीपर्यंत पश्चात देखभाल, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरचा आधार. माझ्या मते सगळी मदार या अहवालावर आहे. तो घरी न जाता, टेबलावर बसून लिहिला गेला की पुढचं सगळं कागदीच.

पुण्याच्या प्रकरणात गदारोळानंतर मुलाला निरीक्षणगृहात ठेवलं गेलं. जामीन असताना हे बेकायदा आहे, असं म्हणत मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये त्याला सोडलं. किमान शिक्षाच ठरलेली नसेल तर तो गुन्हा 'घोर' धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सांगून ठेवलं होतं, आणि या मुलावर ठेवलेल्या सदोष मनुष्यवधाच्या आरोपाला तशी किमान शिक्षा नाही. त्याला सज्ञान मानून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.